प्रून्ड कोर की न्यूट्रिनो: हातातल्या लिनक्सवर बिटकॉइनचा नोड

रास्पबेरी पाय झीरो २ डब्ल्यू हा चिमुकला संगणक, पाइनफोन किंवा पोस्टमार्केटओएस हे फोनसाठीचं लिनक्स टाकलेला जुना वनप्लस ६ यांपैकी काहीतरी हाताशी असेल आणि त्यावर बिटकॉइनचा स्वतःचा नोड (बिटकॉइनच्या जाळ्याशी थेट बोलणारा प्रोग्रॅम) चालवायचा असेल, तर निवड शेवटी दोन पर्यायांवर येते. पहिला, बिटकॉइन कोर (बिटकॉइनचं मूळ नोड सॉफ्टवेअर) प्रून करून चालवायचा, म्हणजे ब्लॉक (व्यवहारांचे गठ्ठे) तपासून झाले की जुने टाकून द्यायचे. दुसरा, न्यूट्रिनो, म्हणजे बीआयपी १५७ आणि १५८ या बिटकॉइनच्या प्रस्तावांमधले कॉम्पॅक्ट फिल्टर (प्रत्येक ब्लॉकमधल्या पत्त्यांचा छोटा सारांश) वापरणारा हलका नोड, जो बहुतेक जण एलएनडीच्या, म्हणजे लाइटनिंग या बिटकॉइनवरच्या झटपट पेमेंट जाळ्याच्या सॉफ्टवेअरच्या, आतूनच चालवतात. दोन्ही मी याच प्रकारच्या उपकरणांवर वापरले आहेत. फिरत्या उपकरणासाठी माझा कल न्यूट्रिनोकडे आहे, तरी तो प्रत्येकाला पटेलच असं नाही.

इलेक्ट्रम हा वॉलेटचा प्रोग्रॅम इथे धरलेला नाही. तो आपल्या पत्त्यांचे हॅश सर्व्हरला देऊन शिल्लक विचारतो. सर्व्हर आपलाच असेल तर उत्तम, पण परक्या सर्व्हरला आपले सगळे पत्ते एकत्र कळतात. त्यापेक्षा स्वतःचा नोड बरा, म्हणूनच तर ही खटपट.

आधी कोरची बाजू, कारण ती तत्त्वतः भक्कम आहे. प्रून केलेला कोर प्रत्येक व्यवहार, नव्या ब्लॉकमधली प्रत्येक सही आणि नाण्यांचा एकूण पुरवठा स्वतः तपासतो. छाटणी होते ती साठवणुकीची. न्यूट्रिनो फक्त ८० बाइटचे हेडर (ब्लॉकचे मथळे) आणि त्यामागचं काम, म्हणजे मायनिंगमध्ये खर्ची पडलेली गणनशक्ती, तपासतो. सर्वाधिक काम असलेली साखळी नियमांनुसारच आहे, हे तो गृहीत धरतो. मोठी रक्कम स्वीकारताना नियमभंगाचा ब्लॉक स्वतः ओळखता आला पाहिजे, अशी गरज असेल तर पुढचं वाचायचं कारण नाही. कोर घ्या आणि तो घरात एका जागी ठेवा.

जागेचा हिशोब मात्र अनेकांचा चुकतो. छाटणीची मर्यादा ५५० एमबीवर ठेवता येते, पण तो आकडा फक्त ब्लॉकच्या फाइल्सचा आहे. न खर्चलेल्या नाण्यांचा साठा, म्हणजे चेनस्टेट, छाटता येत नाही आणि तो ११ जीबीच्या आसपास जातो. ३२ जीबीचं कार्ड पुरतं, १६ जीबीचं लवकरच भरतं. शिवाय छाटायचं असलं तरी पहिल्या वेळी अख्खी साखळी, ६०० जीबीच्या वर, उतरवून तपासावीच लागते. पाय झीरोच्या ५१२ एमबी रॅमवर हे करू नये. डीबीकॅश, म्हणजे कोरची डेटाबेससाठीची मेमरी, मुळात ४५० एमबी असतो, तो ६४ वर आणावा लागतो, आणि मग प्रत्येक तपासणी मेमरी कार्डाच्या संथ वाचनावर अडकते. योग्य पद्धत अशी: एसएसडीच्या लॅपटॉपवर छाटणी चालू ठेवून पूर्ण सिंक करा, कोर व्यवस्थित बंद करा, मग ब्लॉक आणि चेनस्टेट हे दोन्ही फोल्डर कार्डावर उतरवा. इंटेलच्या मशीनवरचा डेटा एआरएमवर तसाच चालतो. उपकरणावर डीबीकॅश ६४, मेमपूलची (अजून ब्लॉकमध्ये न आलेल्या व्यवहारांची) मर्यादा ५० एमबी, जोडण्या दहा-बारा, आणि झीरॅमचा (रॅममध्येच डेटा दाबून ठेवणारा) स्वॅप चालू. एवढ्यावर तो नीट चालतो.

पण फिरत्या उपकरणाची वीज जाते, आणि माझ्यापुरता निकाल तिथेच लागला.

लाइट जाणं हे त्यातलं सर्वात साधं कारण. पॉवर बँकेला चार्जर लावला किंवा काढला की बऱ्याच बँका क्षणभर बाहेरचा पुरवठा तोडतात. पायला तेवढा क्षण रीबूट व्हायला पुरतो. काही बँका अतिशय कमी प्रवाह ओढणारं उपकरण म्हणजे चार्ज पूर्ण झालेला फोन समजून स्वतःच बंद होतात, आणि निवांत असलेला पाय झीरो नेमका तेवढाच प्रवाह ओढतो. पातळ, लांब मायक्रो यूएसबी केबलवर व्होल्टेज पडतं ते वेगळंच. पायवर व्हीसीजेनसीएमडी या कमांडला थ्रॉटलची स्थिती विचारा: उत्तर शून्य आलं तर ठीक, ५०००० असा षोडशमान (हेक्स) पद्धतीचा आकडा आला तर बूट झाल्यापासून कधीतरी व्होल्टेज कमी पडून गती कापली गेली आहे. केबल बदला.

अशा अचानक बंद पडण्यातून कोर एरवी सावरतो. शेवटच्या नोंदीपासून पुढचे ब्लॉक पुन्हा लावतो आणि चालू होतो. अडचण येते ती कार्डामुळे. स्वस्त मेमरी कार्ड ‘लिहिलं’ असं सांगतं, पण डेटा अजून त्याच्या आतल्या बफरमध्ये असतो. त्या क्षणी वीज गेली की लेव्हलडीबीची (चेनस्टेट ज्या डेटाबेसमध्ये असतो त्याची) एखादी फाइल अर्धवट राहते आणि पुढच्या वेळी कोर डेटाबेस खराब असल्याचं सांगून थांबतो. पूर्ण नोड असता तर रीइंडेक्स-चेनस्टेट हा पर्याय देऊन जवळच्याच ब्लॉकवरून साठा पुन्हा बांधता आला असता. प्रून्ड नोडवर तो पर्याय चालतच नाही, कारण ज्या ब्लॉकवरून बांधायचं ते छाटून टाकलेले असतात. उरतो फक्त पूर्ण रीइंडेक्स, आणि त्याचा अर्थ सगळी साखळी पुन्हा उतरवणं. रोज दोन जीबीच्या मोबाइल पॅकवर ६०० जीबी म्हणजे ३०० दिवस. घरच्या फायबरवर हे जमेल, पण मग उपकरण घरी आणावं लागतं, आणि लॅपटॉपवरची सगळी तयारी पुन्हा करावी लागते.

यावर उपाय आहेत, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. कोर बंद करून घेतलेली डेटाची प्रत महिन्याला एकदा पेनड्राइव्हवर ठेवली तर नुकसान फक्त त्या महिन्यापुरतं राहतं. कोरच्या २८.० या आवृत्तीपासून मुख्य जाळ्यावर अझ्यूमयूटीएक्सओ (assumeutxo) ही सोय चालते: ८,४०,००० व्या ब्लॉकवरचा साठ्याचा स्नॅपशॉट भरायचा, कोर त्याचा हॅश आपल्या कोडमधल्या हॅशशी ताडतो आणि तिथून पुढे लगेच कामाला लागतो. पण मागची साखळी तो पार्श्वभूमीवर उतरवतच राहतो, त्यामुळे मोबाइल डेटाचा प्रश्न सुटत नाही, पुढे ढकलला जातो. उच्च टिकाऊपणाचं कार्ड आणि चांगली केबल यांनी धोका कमी होतो, शून्य होत नाही. घरात इन्व्हर्टरवर असलेल्या पायसाठी ही तक्रार किरकोळ ठरेल. पिशवीत फिरणाऱ्या उपकरणासाठी ती मला किरकोळ वाटत नाही.

आता तोच अपघात न्यूट्रिनोवर घडला तर काय होतं ते पाहा. त्याचा साखळीचा डेटा तीन फाइल्समध्ये असतो: ब्लॉकचे हेडर, फिल्टरचे हेडर आणि न्यूट्रिनो डीबी. बिघडल्याच तर एलएनडी बंद करून या तिन्ही पुसायच्या आणि पुन्हा चालू करायचं. नऊ लाख ब्लॉक धरले तर ८० बाइटप्रमाणे ७२ एमबी हेडर आणि ३२ बाइटप्रमाणे सुमारे २९ एमबी फिल्टरचे हेडर, म्हणजे १०० एमबीच्या आसपास. दिवसाच्या पॅकमध्ये हे सहज बसतं. बाहेरगावी, हातात फक्त फोनचा हॉटस्पॉट असताना नोड पुन्हा उभा राहतो, आणि एवढ्यावरच माझ्यासाठी पारडं झुकलं.

एक इशारा इथेच. पुसायच्या त्या फक्त या तीन फाइल्स. वॉलेटची आणि चॅनलची (लाइटनिंगमध्ये दोघांत उघडलेल्या खात्याची) डीबी यांना हात लावू नका, आणि चॅनल डीबीची जुनी प्रत तर कधीच परत ठेवू नका. जुनी स्थिती जाहीर झाली तर समोरचा दंड म्हणून चॅनलमधली सगळी रक्कम घेऊ शकतो. चॅनल असतील तर चॅनल बॅकअपची फाइल दुसरीकडे ठेवा आणि वॉचटॉवर (आपण बंद असताना चॅनलवर नजर ठेवणारी सेवा) लावा. वारंवार झोपणाऱ्या उपकरणावर वॉचटॉवरशिवाय लाइटनिंग चालवू नये असं माझं मत आहे.

बंद राहिल्यानंतर मागचं भरून काढण्यातही असाच फरक आहे. आठवडाभर उपकरण बंद होतं असं धरा, म्हणजे १००८ ब्लॉक. कोरला दीड जीबीहून अधिक उतरवून प्रत्येक सही तपासायची असते, आणि पायचा प्रोसेसर तेवढा वेळ तापतो. न्यूट्रिनोला ८० केबी हेडर आणि साधारण २० केबीचा एक याप्रमाणे २० एमबी फिल्टर लागतात. फिल्टरमध्ये आपला पत्ता जुळला तरच तो पूर्ण ब्लॉक मागवतो. जुळणी क्वचित खोटीही निघते. एका पत्त्यामागे तिचं प्रमाण ७,८४,९३१ त एक असं ठरवलेलं आहे. हजार पत्ते पाहणाऱ्या वॉलेटला म्हणजे पाच-सहा दिवसांत एखादा ब्लॉक फुकट उतरवावा लागेल. ब्लॉक देणाऱ्या पीअरला (जाळ्यातल्या दुसऱ्या नोडला) आपण कोणता ब्लॉक घेतला एवढं दिसतं, त्यातला कोणता व्यवहार आपला ते दिसत नाही. हलक्या वॉलेटच्या जुन्या ब्लूम फिल्टर पद्धतीत ही गुप्तता नव्हती.

जुनं वॉलेट आणायचं असेल तर प्रून्ड कोरची आणखी एक गोची होते. छाटलेल्या ब्लॉकमध्ये रीस्कॅन, म्हणजे आपल्या जुन्या व्यवहारांचा शोध, तो करूच शकत नाही. पुन्हा तेच, सगळी साखळी. एलएनडीच्या २४ सीड शब्दांत वॉलेटची जन्मतारीख असते, त्यामुळे न्यूट्रिनो तिथूनच फिल्टर तपासतो. एका वर्षाच्या मागच्या तपासणीला साधारण एक जीबी धरा.

न्यूट्रिनोच्या उणिवाही खऱ्या आहेत. त्याला मेमपूल दिसत नाही. कुणी पैसे पाठवले तर पहिलं कन्फर्मेशन मिळेपर्यंत, म्हणजे व्यवहार ब्लॉकमध्ये येईपर्यंत, आपल्याला काहीच कळत नाही. दुकानात समोरासमोर पैसे घेणाऱ्याला हे चालणार नाही. फीचा अंदाजही तो स्वतः काढू शकत नाही, म्हणून मुख्य जाळ्यावर एलएनडीला फीच्या अंदाजाची एक यूआरएल द्यावीच लागते. ती दिली नाही तर तो सुरूच होत नाही. आणि फिल्टर देणारे पीअर तुलनेने कमी आहेत, कारण कोरमध्ये ही सोय मुळात बंद असते. पीअर न मिळाल्याने सिंक अडकून बसणं ही न्यूट्रिनोची सर्वात नेहमीची तक्रार आहे.

त्यावरचा सर्वात चांगला उपाय म्हणजे घरी किंवा एखाद्या विश्वासू मित्राकडे चालणारा पूर्ण नोड. त्याच्या कॉन्फिगमध्ये ब्लॉकफिल्टरइंडेक्स आणि पीअरब्लॉकफिल्टर्स हे दोन्ही १ करा. इंडेक्स बांधायला काही तास लागतात आणि दहाएक जीबी जास्तीची जागा धरा. मग वायरगार्ड या व्हीपीएनमधून फिरत्या उपकरणावरून तिथे जोडा. हे जोडताना न्यूट्रिनोचा ‘कनेक्ट’ पर्याय न वापरता ‘अ‍ॅडपीअर’ वापरा. कनेक्टमध्ये तो फक्त त्याच नोडशी बोलतो, आणि घरची लाइट गेली की बाहेरचं उपकरणही आंधळं होतं. अ‍ॅडपीअरमध्ये घरच्या नोडशी जोडणी कायम ठेवली जाते आणि बाकीचे पीअरही शोधले जातात. अनेक पीअर असण्याचा दुसरा फायदा असा की फिल्टरच्या हेडरवर त्यांचं एकमत झालं नाही तर न्यूट्रिनो तो ब्लॉक उतरवून कोणाचा फिल्टर बरोबर ते स्वतः तपासतो आणि खोटा पीअर दूर करतो. या जोडीत घरचा नोड नियम तपासतो आणि खिशातला फक्त हलकं काम करतो, त्यामुळे सुरुवातीला सांगितलेली कोरची सरशीही बरीचशी भरून निघते.

घड्याळाचा त्रास मात्र दोघांनाही आहे. पाय झीरोला बॅटरीवरचं घड्याळ नाही. पाय ५ च्या आधीच्या कुठल्याच पायला नाही. बूट होताना तो शेवटची जपलेली वेळ लावतो, म्हणजे रात्रभर बंद असेल तर सकाळी तो काल रात्रीतच असतो. नोडच्या घड्याळाच्या दोन तासांहून पुढचे हेडर नियमानुसार नाकारले जातात. कोर असे ब्लॉक कायमचे बाद न ठरवता वेळ जुळल्यावर सावरतो, न्यूट्रिनो मात्र ते पाठवणाऱ्या पीअरशी संबंधच तोडतो आणि लॉगमध्ये सतत तुटणाऱ्या जोडण्या दिसतात. हॉटेलच्या किंवा स्टेशनच्या वायफायवर लॉगिनचं पान येईपर्यंत एनटीपी (इंटरनेटवरून वेळ जुळवणं) अडलेलं असतं, तेव्हा हे हमखास होतं. डीएस३२३१ चं छोटं घड्याळाचं मॉड्यूल आय२सी पिनांवर लावा, आणि सिस्टिमडीमध्ये (लिनक्सच्या सर्व्हिस सांभाळणाऱ्या प्रणालीत) टाइम-वेट-सिंक चालू करून एलएनडीची सर्व्हिस टाइम-सिंक टार्गेटनंतर ठेवा. मॉड्यूल नसेल तर निदान दुसरी गोष्ट कराच.

उपकरण अजून घ्यायचं असेल तर मी पायपेक्षा जुन्या फोनकडे झुकेन. बॅटरी आतच असल्याने वीज अचानक जाण्याचा सगळा प्रश्न मिटतो, घड्याळ चालू राहतं, आणि आतली साठवण बहुतेक मेमरी कार्डांपेक्षा वेगवान असते. पाइनफोनची बॅटरी काढून बदलता येते, हे जास्तीचं. एक तांत्रिक बाब लक्षात ठेवा: पोस्टमार्केटओएस अल्पाइन लिनक्सवर बेतलेलं आहे आणि त्यात मसल ही सी लायब्ररी असते, त्यामुळे बिटकॉइन कोरच्या संकेतस्थळावरची ग्लिबसी या दुसऱ्या सी लायब्ररीसाठी बांधलेली फाइल तिथे चालत नाही. कोर हवा असेल तर अल्पाइनचं पॅकेज शोधा, स्वतः कंपाइल करा, किंवा डेबियनवर बेतलेलं मोबियन टाका. एलएनडी गो भाषेतला आहे आणि त्याची एआरएम६४ ची फाइल स्वयंपूर्ण असल्याने एरवी तशीच चालते. फोन कायम चार्जरला लावून ठेवणार असाल तर कर्नल देत असल्यास चार्जची मर्यादा ८० टक्क्यांवर बांधा, नाहीतर बॅटरी फुगते.

सस्पेंड (उपकरणाचं आपोआप झोपणं) बंद करायचं की नाही, हे पर्यायावर ठरतं. कोरसाठी बंद करा, नाहीतर तो कायम मागेच राहतो. चॅनल नसलेल्या न्यूट्रिनोला खुशाल झोपू द्या. जाग आल्यावर थोड्या वेळात एलएनसीएलआय या एलएनडीच्या कमांडच्या गेटइन्फोमध्ये ‘सिंक्ड टू चेन’ ट्रू दिसलं पाहिजे. पाच-दहा मिनिटांतही फॉल्स राहिलं तर आधी घड्याळ पाहा, मग लिस्टपीअर्सकडे न जाता लॉग पाहा, कारण ती यादी लाइटनिंगच्या पीअरची आहे. फिल्टर देणारे पीअर मिळाले की नाही हे लॉगमध्येच कळतं.