बोंडला अभयारण्यातील सांबरदर्शन

फोंडा तालुक्यातील बोंडला अभयारण्य अवघे ८ चौरस किलोमीटरचे असले, तरी प्रौढ सांबर नराला निवांतपणे न्याहाळण्यासाठी गोव्यात मला याहून सोयीची जागा आढळलेली नाही. सांबराची शिंगे दरवर्षी गळून नव्याने उगवतात. वाढताना त्यांवर मखमली कातडी असते आणि पूर्ण वाढलेल्या प्रत्येक शिंगाला साधारणपणे तीन टोके दिसतात. मात्र वयाचा अंदाज केवळ शिंगांवरून न बांधता मानेची जाडी आणि छातीची भरदार ठेवणही पाहावी. दाट सावलीत छायाचित्र काढताना कॅमेऱ्याचा आयएसओ (प्रकाशाला असलेली संवेदनशीलता) वाढवावा, फ्लॅश कटाक्षाने टाळावा. तिथे पाहिलेल्या एका नराने मान वळवली, तेव्हा क्षणभर मी कॅमेराच विसरलो. सकाळी लवकर जावे. सोबत्यांनी शांतता पाळली पाहिजे.