पाचट कुजवायचं कल्चर: माल चांगला, पुडक्यावरचं 'लॅकेस' नावापुरतं

उसाच्या खोडव्यात (तोडणीनंतर त्याच बुडख्यांतून फुटणाऱ्या पिकात) पाचट, म्हणजे उसाची वाळकी पाती, कुजवायला हे बुरशीचं कल्चर वापरलं. पाचपैकी साडेतीन तारे. अर्धा कापला पुडक्यावरच्या मजकुरासाठी, एक दुकानदाराच्या सल्ल्यासाठी.

काम चोख. तोडणीनंतर पाचट सरीत दाबलं, युरिया आणि सुपर फॉस्फेट फेकलं, शेणखतात कालवलेलं कल्चर विस्कटून पाणी सोडलं. पावसाळ्याच्या तोंडावर पाचटात पांढरे धागे पसरले होते आणि पाती मुठीत चुरत होती. बांधाकडेच्या सऱ्या मुद्दाम कल्चरविना ठेवल्या होत्या. तिथलं पाचट नुसतं मऊ पडलंय. खालच्या अंगाला पाणी तुंबलं तिथं मात्र कल्चर टाकूनही काळं, आंबूस. या बुरशीला हवा लागतेच.

आता मजकूर. पुढं ठळक 'लॅकेसयुक्त' (लॅकेस म्हणजे लिग्निनवर, म्हणजे पाचटाला चिवट करणाऱ्या घटकावर, काम करणारं एन्झाइम), मागं बारीक अक्षरांत ट्रायकोडर्मा आणि फॅनेरोकीट क्रायसोस्पोरियम या दोन बुरशांची नावं. मी केमिस्ट्रीचा पदवीधर, म्हणून खटकलं. ट्रायकोडर्माचा जोर सेल्युलोजवर, म्हणजे पातीतल्या तंतूंवर. फॅनेरोकीट लिग्निन फोडण्यात पटाईत, पण तिची हत्यारं म्हणजे लोहवाली एन्झाइम्स: लिग्निन पेरॉक्सिडेज, मँगनीज पेरॉक्सिडेज. 2004 साली तिचा जीनोम प्रसिद्ध झाला, त्यात खऱ्या लॅकेसचं जनुक सापडलंच नाही. लॅकेस बघायचं तर धिंगरी अळिंबीत बघा. लॅकेसच्या रेणूत तांब्याचे चार अणू असतात. लिग्निनमधल्या फिनॉलकडून एकेक इलेक्ट्रॉन काढून घ्यायचा, चार जमले की ऑक्सिजनला देऊन त्याचं पाणी करायचं, एवढाच त्याचा धंदा. लिग्निनचा बराच भाग फिनॉल नसलेला. तिथं लॅकेसला मध्यस्थ रेणू लागतो. म्हणजे 'लॅकेस' छापलं की लिग्निन विरघळलं, असंही नाही.

दुकानदार तर आणखी पुढं. "मालक, तांब्यावर चालतंय हे, बॅरलात मूठभर मोरचूद सोडा." प्रयोगशाळेत किंचित तांबं दिल्यावर काही बुरशा लॅकेस जास्त बनवतात, हे खरं. पण मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट, आणि मूठभर टाकलं तर ते बुरशीनाशकच! मोरचूद आणि चुन्याचं बोर्डो मिश्रण कशासाठी मारतात ते कुठल्याही द्राक्षवाल्याला विचारा. पैसे देऊन बुरशी आणायची आणि बॅरलातच मारायची? मी टाकलं नाही, तुम्हीही टाकू नका.

घेताना उत्पादनाची तारीख बघा, उन्हात ठेवलेलं पुडकं घेऊ नका. पुढच्या खोडव्याला हेच घेणार, दुकान मात्र दुसरं.