सर्व्हर एकत्रीकरणाच्या नावाखाली घातलेला गंडा

फिजिकल सर्व्हर व्हर्च्युअलवर (म्हणजे अनेक सर्व्हर सॉफ्टवेअरच्या रूपात मोजक्या मोठ्या यंत्रांवर) न्यायच्या तयारीत असाल, तर पुढचं जरूर वाचा. आम्हाला एका सल्लागार कंपनीने पद्धतशीर गंडवलं, आणि तेही नवीन हार्डवेअर दारात यायच्या आधीच, रिपोर्टच्या पानांवर.

करार स्पष्ट होता. महिनाभर प्रत्येक सर्व्हरचं सीपीयू, मेमरी, डिस्क आणि नेटवर्कचं रीडिंग घ्यायचं आणि त्यावरून किती होस्ट, म्हणजे हे सर्व्हर पोटात घेणारी मोठी यंत्रं, लागतील ते ठरवायचं. महिनाभर यासाठी, की पगार आणि मंथ-एंडचा लोड त्यात सापडावा. रिपोर्ट देखणा आला. प्रत्येक सर्व्हरपुढे एकच आकडा, सरासरी सीपीयू. कुठे ९ टक्के, कुठे १५, कुठे १७. निष्कर्ष असा, की तीन होस्टवर सगळं आरामात बसेल.

आता हे बघा. दिवसाचे ४ तास ९० टक्क्यांवर आणि उरलेले २० तास २ टक्क्यांवर चालणाऱ्या सर्व्हरची सरासरीही १७च्या आतच येते. कामकाज त्या ४ तासांतच चालतं, आणि बहुतेक सर्व्हरचे ते ४ तास एकाच वेळी येतात. सरासरी देऊन पीक, म्हणजे कमाल लोड, लपवणं हा या धंद्यातला सगळ्यात सोपा खोटेपणा आहे.

व्हीएम (व्हर्च्युअल सर्व्हर) सुरू झाल्यावर सकाळी लोक कामाला बसले की स्क्रीन गोठायची. व्हीएमच्या आत टास्क मॅनेजर बघावा तर फारसा लोड नाही. होस्टवर सीपीयू रेडी (व्हीएमने प्रोसेसरची वाट बघण्यात घालवलेला वेळ) तपासलं तेव्हा उलगडा झाला. २० सेकंदांच्या सॅम्पलमध्ये २००० मिलिसेकंद म्हणजे व्हीसीपीयूने (व्हीएमच्या व्हर्च्युअल प्रोसेसरने) १० टक्के वेळ नुसतं ताटकळत काढला. आमच्या डेटाबेसचा आकडा त्याच्याही वर होता. कंपनीचं उत्तर ठरलेलं: तुमचं सॉफ्टवेअर जुनं आहे.

मग आम्ही कच्चं रीडिंग मागितलं. टोलवाटोलवी सुरू झाली. पण त्यांचा कलेक्टर, म्हणजे रीडिंग गोळा करणारा प्रोग्रॅम, आमच्याच एका जुन्या सर्व्हरवर बसवलेला होता. तिथलं लॉगचं फोल्डर उघडलं. पहिल्या फाइलवर शनिवार दुपारची वेळ, शेवटच्या फाइलवर लगेच दुसऱ्या दिवसाची, रविवार रात्रीची. महिनाभराचे पैसे घेऊन एवढंच रीडिंग घेतलं होतं, तेही ऑफिस बंद असताना! ते फोल्डर बघताना आलेला संताप अजून ओसरलेला नाही.

मग एकेक गोष्ट उकरली. प्रत्येक होस्टमध्ये ३२ कोअर होते, रिपोर्टमध्ये हायपरथ्रेडिंगचे थ्रेड (एक कोअर दोन असल्यासारखा दिसतो, पण ताकद दुप्पट होत नाही) मोजून ६४ दाखवले होते. ‘एक होस्ट पडला तरी काम चालेल’ असं लिहून दिलं होतं, पण तिन्ही होस्टची मेमरी ८५ टक्के भरलेली. एक पडला की उरलेल्या दोघांवर १२७ टक्के भार येणार, तो मावणार कुठे? विंडोजची लायसन्स ‘धरून’ दर दिला होता, प्रत्यक्षात जुन्या यंत्रांना बांधलेली ओईएम लायसन्सच (यंत्राबरोबर विकलेली) क्लोन करून, म्हणजे सर्व्हरची हुबेहूब नक्कल काढून, पुढे ढकलली.

स्टोरेजमध्ये तर उघड हात मारला. ठरले होते १० हजार आरपीएमचे (मिनिटाला इतके फेरे) सॅस, म्हणजे सर्व्हरसाठीचे वेगवान, डिस्क, बसवले ८ साधे ७,२०० आरपीएमचे, रेड ५ मध्ये (एक डिस्क बिघडली तरी डेटा टिकावा अशी मांडणी). अशी एक डिस्क सेकंदाला साधारण ८० आयओ (वाचण्या-लिहिण्याच्या क्रिया) देते, म्हणजे सगळ्या मिळून ६४०. रेड ५ मध्ये एका राइटमागे चार आयओ खर्ची पडतात. निम्मं काम राइटचं असेल तर हाती जेमतेम २५० उरतात. त्यावर डेटाबेस, मेल आणि फाइल सर्व्हर! टेराबाइटचा आकडा मात्र कराराबरहुकूम, त्यामुळे बिलावर नजर टाकणाऱ्याला काहीच खटकत नाही.

शेवटचा हप्ता आम्ही अडवून धरला आहे आणि लॉगच्या प्रती वकिलांकडे दिल्या आहेत. क्लोन पूर्ण होताच जुने सर्व्हर ‘आम्हीच मोफत उचलून नेतो’ असा तगादा त्यांनी लावला होता. ते गेले असते तर लॉगही गेले असते आणि परतीची वाटही. तुमच्याकडे कुणी अशी घाई केली, तर निदान एक मंथ-एंड नव्या होस्टवर पार पडेपर्यंत एकही जुनं यंत्र दाराबाहेर जाऊ देऊ नका.