इटालियन-इंग्रजी अनुवादाचा ऑनलाइन वर्ग : अजिंठ्याच्या गाइडच्या नजरेतून

फी महिन्याला ६० युरो. आठवड्यातून एकदा दोन तासांचा वर्ग आणि घरी करायला एक उतारा. या आठवड्यात इटालियनमधून इंग्रजीत, तर पुढच्या आठवड्यात इंग्रजीतून इटालियनमध्ये. शिकवणाऱ्या दोघी जणी. एक इटलीचीच, दुसरी मूळची इंग्लंडची, लग्नानंतर इटलीत स्थायिक झालेली. खासगी शिकवणी आहे, त्या जाहिरात करत नाहीत, म्हणून मीही नाव टाकत नाही. मी छत्रपती संभाजीनगरला राहते, इटालियन पर्यटकांना वेरूळ-अजिंठा दाखवते आणि उन्हाळ्यात पर्यटक आटले की अनुवादाची कामं घेते. माझं इटालियन पक्कं व्हावं म्हणून मी या वर्गाला नाव घातलं. ते झालंच, पण माझं इंग्रजी इतकं कधीच कुणी घासूनपुसून घेतलं नव्हतं, एम.ए.ला असतानाही नाही.

आपल्याकडं ‘ॲडव्हान्स्ड इंग्लिश’ची पाटी लावलेल्या बहुतेक ठिकाणी निबंधाचे ठरीव साचे आणि पाठ करायचे शब्द मिळतात. स्वतःच्या मनातलं लिहायचं असलं की माणूस अवघड रचना टाळतो, येतं तेवढ्यातच भागवतो. अनुवादात ती सोय नाही. समोरच्या उताऱ्यात जे आहे ते सगळं दुसऱ्या काठाला न्यावंच लागतं. केंब्रिजची सगळ्यांत वरची इंग्रजी परीक्षा, आजची सी२ प्रोफिशन्सी, १९१३ मध्ये सुरू झाली तेव्हा तिच्यात अनुवादाचा पेपर होता, फ्रेंच किंवा जर्मनमधून इंग्रजीत आणि उलट. त्या वर्षी परीक्षेला ३ जण बसले होते. ही जुनी पद्धत मागं पडली याचं मला या वर्गात गेल्यापासून फार वाईट वाटतं.

वर्ग इटालियन विद्यार्थ्यांसाठी बेतलेला आहे. माझ्याबरोबरचे सगळे तिकडचेच. सुरुवातीला वाटलं, यांच्या अडचणी वेगळ्या, आपल्या वेगळ्या. प्रत्यक्षात इंग्रजीत इटालियन माणूस जिथं ठेचकाळतो, तिथंच बहुतेक वेळा मराठी माणूसही ठेचकाळतो. ‘मी दहा वर्षांपासून इथं राहते’ हे आपण वर्तमानकाळात म्हणतो. इटालियनमध्येही ‘वीवो क्वी दा दिएची आन्नी’, सरळ वर्तमानकाळ. इंग्रजीला मात्र तिथं ‘हॅव लिव्ह्ड’ लागतं. उलट ‘मी काल पाहिलं आहे’ असं आपण सहज बोलून जातो, इटालियन माणूसही ‘ओ व्हिस्तो येरी’ म्हणतो, आणि मग दोघंही इंग्रजीत ‘आय हॅव सीन यस्टर्डे’ लिहून मोकळे होतात. कर्ता गाळायची सवयही सारखीच, कारण दोन्ही भाषांत बहुतेक वेळा क्रियापदच कर्ता सांगतं. सूचनांचंही तसंच. यंत्रावर इटालियन पाटी असते ‘नोन तोक्कारे’, म्हणजे हात लावू नये. दोन्हीकडं समोरच्याला थेट हुकूम नाही. इंग्रजीत मात्र सरळ आज्ञार्थ येतो. वाळूज एमआयडीसीत इटालियन यंत्रांच्या माहितीपुस्तकांवर काम करणाऱ्यांना तांत्रिक मजकुराचा हा एक धडाच फी वसूल करून देईल.

सगळ्यांत जास्त शिकायला मिळालं ते लांब वाक्यांबद्दल. इटालियन लेखक, विशेषतः कलेवर लिहिणारे, अर्ध्या पानाचं एक वाक्य आरामात करतात, आणि ते गुंतत नाही. ‘दिपिंतो’ म्हणजे चित्र, हे पुल्लिंगी. ‘ग्रोत्ता’ म्हणजे गुहा, ही स्त्रीलिंगी. त्यामुळं पुढं ‘इल क्वाले’ आलं की चित्राबद्दल चाललंय आणि ‘ला क्वाले’ आलं की गुहेबद्दल, हे लगेच कळतं. आपल्यालाही ‘जे’ आणि ‘जी’ यांवरून हे बिनचूक कळतं. इंग्रजीकडं दोन्हीला एकच ‘विच’. म्हणून तिथं वाक्य तोडावं लागतं, आणि कुठं तोडायचं, तोडल्यावर नवा कर्ता कोणता घ्यायचा, कोणती माहिती पुढं आणायची, हे ठरवण्यातच खरं प्रगत इंग्रजी आहे. इंग्रज शिक्षिका यावर जीव तोडून शिकवतात. एकाच वाक्याचे चार-पाच इंग्रजी नमुने शेजारी शेजारी ठेवून त्या प्रत्येकाचा जोर कुठं पडतो ते दाखवतात. व्याकरण बरोबर असूनही वाक्य इंग्रजी का वाटत नाही, याचं इतकं स्पष्ट उत्तर मला दुसरीकडं मिळालेलं नाही.

तपासणीही तशीच कसून होते. व्याकरणाची चूक, अर्थाची चूक आणि भाषेची पातळी न जुळणं, असे तीन वेगळे शेरे असतात. द्विभाषिक कोशावर थांबू देत नाहीत. शब्द आधी त्या त्या भाषेच्याच कोशात पाहायचा. इटालियनसाठी ट्रेकानीचा कोश इंटरनेटवर फुकट आहे. एका आठवड्यात यंत्रानं केलेला अनुवाद दुरुस्त करायला देतात. इटालियनमध्ये अनोळखी माणसाला आदरानं ‘लेइ’ म्हणतात, आणि ‘लेइ’चाच दुसरा अर्थ ‘ती’. एका पत्रात यंत्रानं ग्राहकाची ‘ती’ करून टाकली होती. इंग्रजीतून इटालियनमध्ये जाताना तर ‘यू’ दिसलं की आधी नातं ठरवावं लागतं. तू-तुम्ही-आपण यांत वाढलेल्या आपल्या माणसाला हे शिकवावं लागत नाही.

सत्राच्या शेवटी प्रत्येकानं आपल्या कामाचा मजकूर आणायचा असतो. मी अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातल्या पद्मपाणी बोधिसत्त्वाच्या चित्रावरचा इंग्रजी मजकूर नेला. इटालियन शिक्षिकेनं पहिलाच प्रश्न केला, गिलावा ओला असताना रंगवलंय का सुकल्यावर? अजिंठ्यात मातीच्या गिलाव्यावर चुन्याचा पातळ थर देऊन तो सुकल्यावर रंगकाम केलेलं आहे. इटालियन ‘आफ्रेस्को’ ओल्या गिलाव्यावरचं. इंग्रजीत ‘फ्रेस्को’ सरसकट खपतं, इटालियन वाचक मात्र तिथंच अडतो. त्यावरून बोलणं निघालं ते लोरेंझो चेक्कोनी आणि त्यांचे सहकारी ओर्सिनी यांच्यावर. १९२० ते १९२२ दरम्यान निजाम सरकारनं या दोन इटालियन तज्ज्ञांना अजिंठ्याची चित्रं सावरायला बोलावलं होतं. सुटत चाललेले पापुद्रे त्यांनी पक्के केले. पण चित्रांवर दिलेला लाखेचा थर पुढं काळवंडला आणि नंतरच्या रसायनतज्ज्ञांना तो काढावा लागला. ही हकिगत मी दर सीझनला सांगते, तरी इटालियनमध्ये नीट लिहून पहिल्यांदाच काढली. ‘थर देण्यात आला’ ही कर्ता झाकणारी इंग्रजी रचना इटालियनमध्ये कशी वळवायची, एवढ्यावर अर्धा तास चर्चा झाली. माझ्यासाठी तो या वर्गाचा सर्वांत चांगला तास.

आता उणिवा. इटालियनला उपपदं आहेत, आणि जास्तच आहेत. कॉफी आवडते म्हणतानाही ‘मी पियाचे इल काफ्फे’. म्हणून या वर्गात ‘द’ कुठून काढून टाकायचा यावर सगळा भर असतो. मराठीत उपपद नाहीच, त्यामुळं आपलं दुखणं नेमकं उलटं, ‘द’ आणि ‘अ’ राहून जातात. त्यावर इथं काहीच मिळत नाही. मी तक्रार केल्यावर इंग्रज शिक्षिकेनं वेगळा सराव पाठवला, पण तो मुख्य अभ्यासक्रमात यायला हवा. युरोपियन युनियनच्या कायदेशीर भाषेवर खर्च होणारा वेळ आपल्या कामाचा नाही. ऑगस्टमध्ये तिकडं सगळं बंद असतं, तपासलेले उतारे सप्टेंबरशिवाय येत नाहीत. कार्डानं युरोत पैसे भरताना बँक वर शुल्क लावते, ते आधी विचारून घ्या.

इटालियन बी२च्या (युरोपातल्या सहा भाषा-पातळ्यांपैकी चौथीच्या) खाली असेल तर जाऊ नका, स्पष्टीकरणं इटालियनमध्येच असतात. प्रमाणपत्राला बाहेर किंमत नाही. नोकरीसाठी कागद हवा असेल तर सिएनाच्या परदेशी विद्यार्थ्यांसाठीच्या विद्यापीठाची चिल्स किंवा पेरुजाच्या तशाच विद्यापीठाची चेली ही इटालियनची परीक्षा द्यावी लागेल. तयारी म्हणून मात्र हा वर्ग उत्तम.

वेळ इटलीच्या संध्याकाळी ६ची, म्हणजे आपल्याकडं रात्री साडेनऊ. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिकडची घड्याळं मागं जातात आणि मार्चच्या शेवटच्या रविवारपर्यंत वर्ग रात्री साडेदहाला सुरू होतो. नेमका तोच आपला सीझन. गाइड असाल तर बॅच निवडताना वार बघून घ्या. अजिंठा सोमवारी बंद असतं आणि वेरूळ मंगळवारी. मी रविवार रात्रीची बॅच मागून घेतली, दुसऱ्या दिवशी पहाटे अजिंठ्याची गाडी गाठायची नसते.