न्हावा शेवाहून रीफर पाठवताना: अख्ख्या द्राक्ष हंगामानंतरचा अनुभव

आमच्या शेतकरी गटाची द्राक्षं नाशिक भागातल्या पॅकहाउसमध्ये रीफर, म्हणजे माल थंड ठेवणाऱ्या कंटेनरमध्ये भरली जातात आणि न्हावा शेवाहून युरोपला रवाना होतात. कागदपत्रांपासून ट्रेलर गेटात जाईपर्यंतचं सगळं माझ्याकडे असतं. हंगाम संपल्यावर माझं मत स्पष्ट आहे: बंदराच्या आतलं काम झपाट्याचं आहे, निर्यातदाराचा जीव टांगणीला लागतो तो गेटाबाहेर.

नवा माणूस गोंधळतो तो बंदराच्या मांडणीमुळे. १९८९ साली सुरू झालेलं हे बंदर म्हणजे एकच एक धक्का नव्हे. कंटेनरची पाच टर्मिनलं आहेत, ती खासगी कंपन्या चालवतात, आणि प्रत्येकाचं गेट नि यार्ड वेगळं. २०२४-२५ मध्ये इथे सुमारे ७३ लाख टीईयू हाताळले गेले. टीईयू हे वीस फुटी कंटेनरचं माप, म्हणजे आमचा चाळीस फुटी रीफर त्यात दोन मोजला जातो. बुकिंग हातात आलं की मी आधी टर्मिनल कोणतं ते बघतो, मग गेट कधी उघडणार आणि कट-ऑफ, म्हणजे कंटेनर आत पोचवायची शेवटची वेळ, कधी. जहाज उशिरा येणार म्हटलं की या दोन्ही वेळा सरकतात, म्हणून गाडी पॅकहाउसमधून सुटण्याआधी त्या पुन्हा तपासायच्याच.

आता कागद. शिपिंग बिल, म्हणजे कस्टम्सकडचा निर्यातीचा कागद, ऑनलाइन भरलं जातं. आपण स्वतः सील केलेल्या कंटेनरला आरएफआयडी ई-सील, म्हणजे रेडिओ लहरींनी वाचता येणारं इलेक्ट्रॉनिक सील लागतं; त्याचा नंबर आणि शिपिंग बिलावरचा नंबर तंतोतंत जुळला पाहिजे. ट्रेलर आधी पार्किंग प्लाझात जातो, तिथे कस्टम्सचं काम होऊन एलईओ, म्हणजे माल जहाजावर चढवायची परवानगी मिळते, आणि फॉर्म १३, म्हणजे टर्मिनलच्या गेटात शिरायचा परवाना हातात असेल तर गाडी टर्मिनलकडे निघते. व्हीजीएम, म्हणजे भरलेल्या कंटेनरचं प्रमाणित वजन, १ जुलै २०१६ पासून जगभर सक्तीचं आहे. ते दिलं नाही तर कंटेनर जहाजावर चढत नाही, मग आत माल कितीही नाजूक असो. यातला एक कागद जरी अडला तरी गाडी उभी, आणि उभ्या रीफरचा जेनसेट, म्हणजे वाटेत त्याला वीज देणारा जनरेटर, डिझेल खात राहतो.

रीफरबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण सगळं नुकसान इथेच होतं. द्राक्षाला आम्ही उणे ०.५ अंश ठेवतो. रीफर फळ थंड करत नाही, थंड असलेलं फळ थंड ठेवतो. गार हवा तळातल्या खाचांमधून वर येते, पेट्यांमधून फिरते आणि छताकडून परत जाते. म्हणून पेट्या आतल्या भिंतीवरच्या लाल रेघेच्या वर रचायच्या नाहीत, आणि प्रीकूलिंगनंतर, म्हणजे भरण्याआधी फळ गार केल्यावर, मण्याच्या आतलं तापमान उतरलेलं नसेल तर दार लावायचं नाही. फळ गरमच आत गेलं तर बंदरातली वीजजोडणीही काही करू शकत नाही.

यार्डात रीफरसाठी लोखंडी रॅक असतात. जेनसेट सुटला की तिथला माणूस जाड केबल रीफरच्या सॉकेटला जोडतो, पडद्यावर सेट पॉइंट, म्हणजे ठरवून दिलेलं तापमान, आणि परत येणाऱ्या हवेचा आकडा पाहतो, नोंद करतो आणि पुढच्या कंटेनरकडे जातो. हे काम मी समाधानाने पाहिलंय. आत गेल्यावर माझ्या मालाचं तापमान कधी चढलं नाही.

चढलं ते बाहेर. एका वाहतूकदाराने जेनसेटची टाकी अर्धीच भरून गाडी पाठवली आणि रांगेतच तो बंद पडला. डेटा लॉगरवर, म्हणजे तापमान नोंदवणाऱ्या यंत्रावर, परतीच्या हवेची रेघ तासातासाने वर सरकलेली दिसत होती. माल पोचल्यावर खरेदीदाराने बरोबर तोच भाग पुढे केला आणि दर पाडला. तेव्हापासून भरलेल्या टाकीचा फोटो आल्याशिवाय गाडी सुटत नाही. २०२३ च्या अखेरपासून तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे बहुतेक जहाजं आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली आणि प्रवास आठवड्याहून जास्त लांबला. इतक्या लांबच्या वाटेला निघणाऱ्या फळाचे गेटाबाहेरचे चार तासही महागात पडतात.

ड्रायव्हर लोकांबद्दल बोलायलाच हवं. आमचे एक जुने ड्रायव्हर काका म्हणतात, ‘साहेब, गेटात शिरलो की सुटलो, खरी रात्र बाहेरच जाते.’ बंदराबाहेरच्या एका खासगी यार्डात त्यांना अंघोळीला पाणी नव्हतं आणि संडास कुलूपबंद. ज्याच्या लक्षावर लाखोंचा माल अवलंबून आहे, त्याला रात्रभर असं ठेवणं मला अजिबात पटत नाही. आता गाडी ठरवताना थांबायची जागा कुठली, हेही मी विचारतो.

आयातीचा अनुभव थोडका पण चांगला आहे. पॅकिंगचं साहित्य डायरेक्ट पोर्ट डिलिव्हरीने घेतलं: सीएफएसचा, म्हणजे बंदराबाहेरच्या कंटेनर यार्डाचा, फेरा नाही, टर्मिनलवरून थेट गोदामात. मात्र कंटेनर ४८ तासांत उचलायचा असतो, त्यामुळे ड्युटी आणि ट्रेलरची सोय जहाज लागण्याआधीच करून ठेवावी.

पहिल्यांदाच रीफर पाठवणार असाल तर सीएचएला, म्हणजे कस्टम्सचं काम करून देणाऱ्या एजंटला, दर विचारण्याआधी एवढंच विचारा: रात्री अकराला फॉर्म १३ अडकला तर फोन कोण उचलणार? नाव आणि नंबर लगेच मिळाला तर पुढचं बोला.