चिविताव्हेक्कियाच्या बंदरावर उतरणार असाल तर

बँकेत कॅशला बसून मला एकवीस वर्षं झाली. पाचशेची खोटी नोट डोळ्याआधी बोटाला कळते. चेकवरच्या नावात एखादा काना कमीजास्त असला तरी परत करते. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं वाचून ‘किती भोळी बाई’ असं कुणीतरी म्हणणारच.

सासू-सासऱ्यांच्या लग्नाला पन्नास वर्षं झाली म्हणून आम्ही पाच जण भूमध्य समुद्रातल्या क्रूझला गेलो होतो. ते दोघं, आम्ही दोघं आणि चौदा वर्षांची लेक. क्रूझच्या कार्यक्रमात ‘रोम’ असं ऐटीत लिहिलेलं असतं. जहाज लागतं ते चिविताव्हेक्कियाला, रोमपासून सत्तरेक किलोमीटरवर. सकाळी सातला लागणार, संध्याकाळी साडेपाचच्या आत सगळे परत. जहाजाची स्वतःची सहल महाग वाटली, म्हणून नवऱ्याने बेत आखला होता: बंदराच्या मोफत बसने लार्गो देल्ला पाचे या थांब्यापर्यंत, तिथून स्टेशन, मग साध्या रीजनल ट्रेनने रोमा सान पिएत्रो स्टेशन. तिथून व्हॅटिकनमधलं सेंट पीटर्स हे मोठं चर्च चालत जाण्यासारखं आहे. बेतात आजही मला एकच खोट दिसते. कोलोसियमची तिकिटं आम्ही ‘तिथे गेल्यावर बघू’ म्हणून ठेवली होती.

लार्गो देल्ला पाचेला बसमधून उतरताना एका माणसाने सासूबाईंना हात दिला. पन्नाशीचा, इस्त्रीचा निळा शर्ट, गळ्यात ओळखपत्र. सासऱ्यांना हात जोडून ‘नमस्ते’ म्हणाला. मग आमच्याकडे वळून, आपल्यालाच वाईट वाटतंय अशा चेहऱ्याने, “नो ट्रेन टुडे. शोपेरो.” शोपेरो म्हणजे संप. मोबाइलवर एक इटालियन बातमीही दाखवली. तिची तारीख आम्ही कुणी बघितली नाही.

इटलीत रेल्वेचे संप होतात हे आम्ही वाचलेलं होतं. थाप अशीच असते, निम्मी खरी. व्हॅन, व्हॅटिकन, कोलोसियमचं तिकीट, सगळं मिळून माणशी 70 युरो. निम्मे आत्ता, रोख. “आई, थांब, मी स्टेशनचं बघते,” असं लेक म्हणत होती. पण मागे दुसरं एक कुटुंब उभं होतं आणि व्हॅनमध्ये ‘शेवटच्या’ पाच जागा होत्या. सासूबाईही म्हणाल्या, “अगं, गाड्याच बंद आहेत म्हणतोय ना तो? जाऊ या.” मी 175 युरो मोजून दिले. देताना त्याच्या ओळखपत्राकडे लक्ष गेलं. प्लॅस्टिकच्या आत कोपऱ्यात हवेचा फुगा धरला होता, घरी लॅमिनेट केल्यावर धरतो तसा. मला तो दिसला. मी तो दिसू दिला नाही.

व्हॅन चालवायला दुसराच माणूस. व्हॅटिकनपाशी त्याने आम्हाला एका छत्रीवाल्या मुलीच्या हवाली केलं. रांग तीन तासांची आहे, माझ्याबरोबर वीस मिनिटं, माणशी 25 युरो. तीन तास म्हटल्यावर आमचं सगळं लक्ष घड्याळाकडे. 125 युरो घेऊन तिने आम्हाला त्याच रांगेच्या शेपटाला नेऊन उभं केलं आणि ‘आत गाइड भेटेल’ सांगून ती गेली ती गेलीच. तासभर उन्हात उभे राहिलो. सेंट पीटर्स बॅसिलिकात जायला पैसे पडत नाहीत. रांग असते ती सुरक्षा तपासणीची, आणि ती तपासणी कुणाला चुकत नाही. घुमटावर चढायला पैसे लागतात, आणि व्हॅटिकन म्युझियमचं तिकीट वेगळं असतं. हे मला आमच्या पुढे उभ्या असलेल्या पोलिश आजींनी सांगितलं, पैसे देऊन झाल्यावर.

कोलोसियमपाशी ड्रायव्हरने उरलेले 175 घेतल्याशिवाय तिकिटं हातात दिली नाहीत. “थ्री ओ’क्लॉक, सेम प्लेस.” दारावरच्या बाईने कागद घेतला, आमचे पासपोर्ट मागितले आणि पेनच्या टोकाने एक ओळ दाखवली. तिथे नाव होतं. भलत्याच कुणाचं. खाली आणखी चार नावं, तीही आमची नव्हेत. कोलोसियमची तिकिटं 2023 च्या ऑक्टोबरपासून नावानिशी असतात आणि ओळखपत्राशी ताडून बघतात. नावात तफावत म्हणून रोज लोकांना परत पाठवणारी मी, तिथे काचेच्या दुसऱ्या बाजूला उभी होते. ती बाई रागावली नाही. नुसती मान हलवली. दिवसातून किती वेळा हलवत असेल कुणास ठाऊक.

व्हॅन नव्हती. फोन बंद. सासूबाईंचा गुडघा सुजलेला. समोरच्या कट्ट्यावर बसून आम्ही घरून नेलेली धपाटी खाल्ली आणि सासरे म्हणाले, “बाहेरून तर दिसतंय की.” आता पैशाचं दुःख मागे पडलं होतं. संप आहे, तर जहाजावर परत जायचं कसं? सत्तर किलोमीटर टॅक्सी? शेवटी लेकीने मघाचंच वाक्य पुन्हा म्हटलं, स्टेशनवर जाऊन बघू या. या वेळी ऐकलं. कोलोसियमसमोरच मेट्रो आहे, रोमचं मुख्य रेल्वे स्टेशन तेर्मिनी तिथून दुसऱ्याच थांब्यावर.

तेर्मिनीच्या मोठ्या बोर्डवर चिविताव्हेक्कियाची ट्रेन होती. तिच्या वरही गाड्या, खालीही गाड्या. संप नव्हताच. रोज ये-जा करणारी माणसं पिशव्या घेऊन निवांत चालली होती. तिकीट माणशी पाच युरोंच्या आतच. तेर्मिनीबद्दल एवढं ध्यानात ठेवा, 25 च्या पुढचे प्लॅटफॉर्म फार लांब आहेत. दुखऱ्या गुडघ्याने दहा-पंधरा मिनिटं सहज लागतात, आणि छापील तिकीट गाडीत चढण्याआधी मशीनमध्ये घालून ठसा मारून घ्यावा लागतो. जहाजावर पोचलो तेव्हा चाळीस मिनिटं हातात होती.

एकूण 475 युरो, तेव्हाचे आपले पंचेचाळीस हजारांच्या आसपास. नंतर मी हिशेब मांडला. येण्याजाण्याची ट्रेन, मेट्रो, कोलोसियमचं 18 युरोंचं तिकीट (अठराच्या आतल्या मुलांना प्रवेश मोफत), सगळं मिळून दीडशेच्या आत झालं असतं. तिकिटं कोलोसियमच्या अधिकृत साइटवर महिनाभर आधी खुली होतात आणि भराभर संपतात, त्यामुळे ‘तिथे गेल्यावर बघू’ चालत नाही. इटलीतले संप आधी जाहीर होतात, वाहतूक मंत्रालयाच्या साइटवर यादी असते. आणि संप असला तरी कामाच्या दिवशी सकाळी 6 ते 9 आणि संध्याकाळी 6 ते 9 ठरावीक रीजनल गाड्या चालवाव्याच लागतात. म्हणजे त्या माणसाचं म्हणणं खरं असतं तरी आमची आठची ट्रेन मिळण्याची शक्यता होती. सोबत म्हातारी माणसं असतील आणि जीव धाकधूक करत असेल, तर जहाजाचीच सहल घ्या. तिचे पैसे जास्त, पण त्यांच्या बसला उशीर झाला तर जहाज थांबतं. आपल्या एकट्यासाठी थांबत नाही.

पोलिसांत गेलात का, असं सगळे विचारतात. कधी जाणार? त्या माणसाला आमची परतीची वेळ आमच्याइतकीच पाठ होती. क्रूझचा प्रवासी संध्याकाळी गेलेला असतो, जबाब द्यायला थांबणार कोण?

तो तिकिटाचा कागद मी फाडायला निघाले होते. सासऱ्यांनी काढून घेतला, घडी करून डायरीत ठेवला. परवा पुन्हा उघडून बघत होते. पाचही नावं त्यांनी मोठ्याने वाचली आणि मला विचारलं, “ही माणसं गेली असतील का गं आत?”