पुण्याच्या हवेत सावरडो आणि गॅलरीतली भाजी: पावसाळा ते उन्हाळा वापरल्यानंतर

गेल्या पावसाळ्याच्या सुरुवातीपासून आमच्या पुण्यातील सदनिकेत घरी धरलेल्या स्टार्टरवर (पीठ-पाण्याच्या जिवंत आंबवणावर) सावरडो, म्हणजे बाजारचे यीस्ट न घालता फुगवलेला पाव भाजला जातो आणि पूर्वेच्या गॅलरीत व गच्चीच्या एका कोपऱ्यात ग्रो बॅगांमध्ये भाजी लावली जाते. त्यासाठी ६० लिटरचा ओटीजी (विजेची छोटी भट्टी), झाकणाचे बिडाचे भांडे, ग्रॅमपर्यंत मोजणारा वजनकाटा, सुईचा थर्मामीटर, एचडीपीईच्या (जाड प्लास्टिकच्या) ग्रो बॅगा आणि कोकोपीटच्या (नारळाच्या काथ्याच्या भुशाच्या) विटा एवढे सामान घेतले. यांतला थर्मामीटर सर्वाधिक उपयोगी पडला, हे आधीच सांगितलेले बरे. पीठ असो वा टोमॅटोचे फूल, दोहोंचे वेळापत्रक तापमानावर ठरते आणि आपण ज्या पुस्तकांतून व चित्रफितींतून ते शिकतो त्यांतली बरीचशी थंड प्रदेशांतल्या स्वयंपाकघरांत तयार झालेली असतात.

सावरडोच्या स्टार्टरमध्ये रानटी यीस्ट आणि लॅक्टिक आम्ल तयार करणारे जिवाणू एकत्र नांदतात. सान फ्रान्सिस्कोच्या प्रसिद्ध पावातील या जोडीचा शास्त्रीय अभ्यास १९७१ साली प्रसिद्ध झाला आणि पुढच्या संशोधनात असे दिसले की त्यातला जिवाणू सुमारे ३२ अंश सेल्सिअसला सर्वांत वेगाने वाढतो, तर त्याच्या जोडीचे यीस्ट २७ अंशांच्या आसपास. आपल्या बरणीत नेमके तेच जीव असतील असे नाही, परंतु कल तोच दिसतो. एप्रिल-मे महिन्यांत दुपारी स्वयंपाकघराचा पारा ३३ अंशांवर जातो, तेव्हा आम्ल पुढे धावते आणि फुगण्याचे काम मागे पडते. त्यातच उष्णतेने व आम्लाने ग्लूटेनची (पिठाला ताण देणाऱ्या प्रथिनाची) जाळी सैल होते आणि पीठ परातीत पसरते. पुस्तकातले ‘खोलीच्या तापमानाला आठ तास’ हे वाक्य पुण्यात डिसेंबरात जवळपास खरे ठरते आणि मे महिन्यात त्याच्या निम्म्या वेळातच पीठ उतू लागते.

यावर आम्हाला लागू पडलेले उपाय साधे आहेत. हिवाळ्यात ५०० ग्रॅम पिठाला १०० ग्रॅम स्टार्टर घेतो, उन्हाळ्यात ५० ग्रॅम. मीठ दोन्ही वेळी १० ग्रॅम. उन्हाळ्यात पाणी फ्रिजमधले घेतो, मळून झाल्यावर पिठाचे तापमान २६ अंशांच्या वर नाही ना हे सुई खुपसून पाहतो आणि पीठ निम्मे फुगले की आकार देऊन रात्रभर फ्रिजमध्ये ठेवतो. स्टार्टरला खाणे देतानाही ऋतू पाहावा लागतो: थंडीत एक भाग स्टार्टरला दोन भाग पीठ व दोन भाग पाणी पुरते, उन्हाळ्यात पाच-पाच भाग द्यावे लागतात, अन्यथा संध्याकाळपर्यंत बरणीतून नेलपॉलिशसारखा उग्र वास येऊ लागतो. तो वास भुकेचा असतो, स्टार्टर बिघडल्याचा नव्हे. गुलाबी, नारिंगी छटा किंवा केसाळ बुरशी दिसली तर मात्र सगळे टाकून द्यावे. वरचा थर काढून उरलेले वाचवण्याचा मोह धरू नये. पावसाळ्यात हा धोका अधिक असतो, कारण बरणीच्या काठाला चिकटलेल्या पिठावर बुरशी आधी धरते. त्यामुळे दर खेपेस बरणी बदलणे हेच शहाणपणाचे.

पिठाबद्दल थोडे सविस्तर लिहावे लागेल. गिरणीत जात्यावर दळलेल्या गव्हाच्या पिठात स्टार्च बराच दुखावलेला असतो. पोळी मऊ होण्यास त्याचा उपयोग होतो, पण पावाचे पीठ पाणी भरपूर पिते, विकरांचे (एन्झाइमांचे) काम लवकर सुरू होते आणि कोंड्याच्या कडा ग्लूटेनची जाळी कापतात. म्हणून निव्वळ गिरणीच्या पिठाचा उंच, जाळीदार पाव ही अपेक्षा ठेवू नये. आमच्या घरी स्थिरावलेले प्रमाण ३५० ग्रॅम मैदा, १५० ग्रॅम लोकवन गव्हाचे पीठ आणि ३६० ग्रॅम पाणी असे आहे. सातारा-सांगलीकडच्या खपली गव्हाचे पीठही पुष्कळदा वापरले. त्याची चव मला सर्वांत आवडली. किंचित गोडसर, खमंग, दुसऱ्या दिवशी अधिक चांगली लागणारी. परंतु खपलीचे ग्लूटेन दुबळे असते, त्यामुळे पाव-हिश्शापलीकडे ते गेले की गोल पाव बसतो आणि मग तो साच्यातच भाजावा लागतो. ‘खपली ग्लूटेनमुक्त आहे’ असे काही विक्रेते बिनदिक्कत सांगतात, ते खोटे आहे. खपली हा गहूच आहे, आणि सीलिअॅक आजार (ग्लूटेन न सोसणारा आतड्याचा आजार) असलेल्या व्यक्तीने तो सावरडोच्या रूपातही खाऊ नये.

ओटीजीबद्दल माझे मत संमिश्र आहे. बटण २५० अंशांवर फिरवले म्हणजे आत २५० अंश झाले असे नाही. आत वेगळा थर्मामीटर ठेवून पाहिले तर मोठी तफावत आढळते, आणि दार उघडताच उष्णता झटकन निघून जाते. रिकामे बिडाचे भांडे पाऊण तास तापवल्याशिवाय पावाला उसळी मिळत नाही, म्हणजे तो भाजताना नीट फुगत नाही. झाकण ठेवून २० ते २५ मिनिटे, झाकण काढून साधारण तितकीच, आणि गाभ्याचे तापमान ९६ ते ९८ अंश झाले की पाव तयार, एवढा हिशेब पुरेसा आहे. झाकणामुळे पिठातलीच वाफ आत कोंडून राहते व पावाची साल लवकर कडक होत नाही. बिडाच्या भांड्याचे खरे काम हेच. हे काम जाड तव्यावर पाव ठेवून त्यावर स्टीलचे मोठे पातेले पालथे घातल्यानेही बऱ्यापैकी होते, म्हणून भांडे घेण्याची घाई करू नये. घ्यायचेच असेल तर ओटीजीच्या आतली उंची आधी मोजावी, कारण झाकणाची मूठ वरच्या कॉइलला लागते. विजेचेही सांगायला हवे. २००० वॅटचा ओटीजी दीड तास चालला तर जास्तीत जास्त ३ युनिट वीज जाते. एकापाठोपाठ दोन पाव भाजले तरच हा खर्च पटतो.

मे महिन्यात मात्र मोठ्या पावाचा हट्ट आम्ही सोडून दिला आहे. गोव्याचे पोदेर (पाव भाजणारे) पूर्वी माडाची सूर (माडी) घालून पीठ आंबवत आणि लाकडाच्या भट्टीत उंडे, पोई असे लहान पाव भाजत. उष्ण, दमट हवेत सैल पिठाचे काय करावे याचे व्यवहारी उत्तर त्यातच आहे असे मला वाटते. कोंडा लावलेले, पोईच्या धर्तीचे चपटे पाव तापल्या ओटीजीत दहा-बारा मिनिटांत होतात आणि उसळी कमी पडली तरी खाणाऱ्याला कळत नाही.

भाजीच्या बाबतीत पहिली तक्रार कोकोपीटबद्दलच्या जाहिरातींची आहे. ५ किलोची वीट भिजल्यावर साधारण ७० लिटर भरते आणि गच्चीवर वजन कमी पडते, हे खरे. पण त्यात झाडाला पोसणारे जवळजवळ काही नसते, आणि न धुतलेल्या कोकोपीटमधले क्षार रोपांची पाने करपवतात. शिवाय वरचा थर कोरडा दिसत असताना तळ चिंब असतो, त्यामुळे बोट खोल खुपसून पाहिल्याशिवाय पाणी घालू नये. एक भाग कोकोपीट, एक भाग कुजलेला पालापाचोळा, थोडी माती, मूठभर निंबोळी पेंड, वर गांडूळखत, हे मिश्रण आम्हाला मानवले. सोसायटीत झाडलेली पाने जाळण्याऐवजी गोण्यांत भरून ठेवली तर पालापाचोळ्याला पैसे पडत नाहीत.

पिकांमध्ये मेथी, पालक आणि कोथिंबीर यांनी थंडीत मन भरेल एवढे दिले. मेथी तर २५ ते ३० दिवसांत कापणीला येते. पैसे मात्र वाचले नाहीत, कारण त्याच दिवसांत मंडईतही मेथी स्वस्त असते. ताजेपणासाठीच हा खटाटोप करायचा. टोमॅटोची रोपे ऑगस्ट-सप्टेंबरात लावली तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी फळे मिळतात. मार्चनंतर दिवसाचा पारा ३५ अंशांच्या पुढे आणि रात्री उबदार, अशा हवेत परागीभवन नीट होत नाही व फुले गळतात, मग खत कितीही घाला. फळाचा बुडखा काळा पडतो तेव्हा लोक अंड्याची टरफले टाकतात, परंतु बहुतेकदा मिश्रणात कॅल्शियम असतेच. पाणी कधी खूप, कधी नाही असे झाल्याने कॅल्शियम फळापर्यंत पोहोचत नाही. मिरचीवर चुरडा-मुरडा (पाने आकसण्याचा रोग) आणि पिठ्या ढेकूण (कापसासारखी पांढरी कीड) येतच राहतात. लिटरभर पाण्यात ५ मिली निंबोळी तेल व थोडा साबण मिसळून संध्याकाळी फवारल्याने ढेकूण आटोक्यात राहतो, चुरडा-मुरड्याची झाडे मात्र उपटावीच लागतात. नवशिक्यांना मी मायाळू सुचवेन. पावसाळ्यात आणि उन्हाळ्यात, बाकी सारे हिरमुसलेले असताना, त्याचा वेल जाळीवर चढत राहतो आणि भजी, आमटी दोन्ही होतात.

स्टार्टरचा उरलेला भाग ग्रो बॅगेत ओतावा असे सुचवले जाते. तसे केल्यास मुंग्या आणि चिलटे येतात. तो खताच्या डब्यात सुक्या पानांखाली घालावा, किंवा सरळ त्यात बेसन, मेथी व हिरवी मिरची घालून धिरडी काढावीत. आमच्या घरी पावापेक्षा या धिरड्यांनाच मागणी जास्त आहे.

गावाला जाण्याचा प्रश्न या दोन छंदांत सारखा सुटत नाही. घट्टसर मळलेला स्टार्टर फ्रिजमध्ये दोन-तीन आठवडे निर्धास्त राहतो. थोडासा बटर पेपरवर पातळ पसरून सावलीत वाळवला आणि त्याची भुकटी हवाबंद डबीत ठेवली तर कित्येक महिन्यांनीही पाणी व पीठ देऊन जागा करता येतो. झाडांना असे थांबवून ठेवता येत नाही आणि मातीचे मडके पुरून केलेली पाझराची सोय मेच्या उन्हात गच्चीवर चार दिवसांपलीकडे पुरत नाही. म्हणून आता उन्हाळी सुट्टीआधी टोमॅटो व पालेभाजी काढून टाकतो, रिकाम्या बॅगांवर सुक्या पानांचा जाड थर पसरतो आणि मायाळू व कढीपत्ता एवढ्याच कुंड्या शेजारच्या काकूंच्या गॅलरीत नेऊन ठेवतो. त्या बदल्यात त्यांना जूनमध्ये खपलीचा एक पाव द्यायचा, असे ठरले आहे.